वाचकांचे प्रश्न : वेगवेगळ्या सेलमधला मजकूर एकत्र करताना

या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न इतके आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. शाळा, सोसायटी, वाचनालय, बचत गट, सगळीकडे अडचण तीच, एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये माहिती तुकड्यातुकड्यांनी वेगळ्या सेलमध्ये पडलीये आणि ती एका सेलमध्ये सलग पाहिजे.

उत्तरं वाचायच्या आधी एक लक्षात ठेवा. फॉर्म्युले इथे मराठी अक्षरांत आणि मराठी आकड्यांत छापलेत, शीटमध्ये टाकताना मात्र कॉलमचं अक्षर, फंक्शनचं नाव आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. म्हणजे "बी२" लिहिलंय तिथे इंग्रजी बी आणि इंग्रजी दोन. अवतरण चिन्हांच्या आत जो मजकूर असतो तो तेवढा मराठीत चालतो.

प्रश्न : नमस्कार ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या विद्यार्थी यादीत आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव असे तीन कॉलम आहेत. ओळखपत्रासाठी पूर्ण नाव एका सेलमध्ये हवं होतं म्हणून सगळं सिलेक्ट करून मर्ज अॅक्रॉस केलं, तर नुसती आडनावं राहिली, बाकी गेलं. आता परत टाईप करावं लागेल का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : थांबा ताई, लगेच टाईप करायला बसू नका. फाइल अजून उघडीच असेल तर कंट्रोल झेड दाबत मागे जा. गूगल शीट्समध्ये असाल तर फाइल मेनूत व्हर्जन हिस्ट्री आहे, तिथे मर्ज करायच्या आधीची प्रत मिळते, ती रिस्टोअर करा. एक्सेलची फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथेही जुन्या आवृत्त्या सापडतात. आणि यातलं काहीच नसेल तर ज्यांना ही यादी तुम्ही कधी मेल केली किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवली त्यांच्याकडे जुनी फाइल असेल, आधी तिथे विचारा.

आता हे झालं का ते सांगते, कारण मर्जमुळे माहिती गेलेल्यांची पत्रं मला सारखी येतात. मर्ज हे मजकूर जोडण्यासाठी नाहीच, ते चौकटी जोडतं. तीन चौकटींची एक चौकट करायची तर एक्सेल डावीकडच्या वरच्या सेलमधलं ठेवतं आणि बाकीचं टाकून देतं. तशी सूचनाही दाखवतं पण घाईत आपण ओके करतो. गूगल शीट्सचंही तेच. लिब्रेऑफिस तेवढं विचारतं की लपणाऱ्या सेलमधला मजकूर पहिल्या सेलमध्ये हलवू का, म्हणजे तिथे निदान निवड तरी आहे. शिवाय मर्ज केलेल्या सेलवर नंतर सॉर्ट चालत नाही, सगळे मर्ज केलेले सेल एकाच आकाराचे पाहिजेत म्हणून अडून बसतं. वरच्या मथळ्याला मर्ज ठीक आहे, यादीच्या आत नको.

मजकूर जोडायचा तर अँडचं चिन्ह वापरायचं, तेच ते शिफ्ट धरून सात दाबल्यावर येणारं. समजा बी कॉलममध्ये आडनाव, सीमध्ये नाव, डीमध्ये वडिलांचं नाव आहे, तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये दुसऱ्या ओळीत असं लिहा :

=बी२&" "&सी२&" "&डी२

अवतरणांच्या मधे एक स्पेस आहे, ती विसरलात तर आडनाव आणि नाव चिकटून येईल. एंटर केलं की नाव तयार. मग त्या सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जो छोटा चौकोन असतो त्यावर डबल क्लिक करा, खालपर्यंत भरलं जाईल, फक्त यादीत मधे एखादी पूर्ण रिकामी ओळ असेल तर तिथेच थांबतं म्हणून शेवटपर्यंत जाऊन बघा. आणि फॉर्म्युला टाकल्यावर नाव न येता फॉर्म्युलाच जसाच्या तसा दिसत राहिला तर घाबरू नका, त्या कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट झालेलं असतं, टेक्स्ट कॉलमच्या शेजारी नवा कॉलम घातला की तो तसाच होतो. फॉरमॅट जनरल करा, सेलमध्ये जाऊन एफ टू दाबा, एंटर करा.

दाखल्यावर आधी नाव मग आडनाव लागतं ना, मग क्रम बदला, =सी२&" "&डी२&" "&बी२ झालं. मूळ तीन कॉलमांना हातही लावावा लागला नाही. माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं, तुकडे वेगळेच राहू द्या आणि जोड नेहमी नव्या कॉलममध्ये करा. वेगळे तुकडे कधीही जोडता येतात, पण जोडलेलं नाव नंतर तोडायला गेलात की दोन शब्दांची नावं, जोड आडनावं, वडिलांचं नाव नसलेली मुलं, सगळं गळ्यात येतं. आणि क्रम बदलायची वेळ शाळेवर येणारच आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलंय की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. ही मुलं पहिलीला येतील तेव्हा एकाच वर्गात दोन पद्धतीची नावं असणार. ज्या शाळेच्या शीटमध्ये आईचं नाव वेगळ्या कॉलममध्ये असेल तिला फॉर्म्युल्यात एक तुकडा वाढवायचाय, आणि ज्यांनी सगळं एकाच सेलमध्ये कोंबून ठेवलंय त्यांना हाताने बसावं लागेल.

एखाद्या मुलाच्या वडिलांचं नाव रिकामं असेल तर वरच्या फॉर्म्युल्यात दोन स्पेस येतात किंवा शेवटी एक स्पेस लोंबकळते, डोळ्यांना दिसत नाही पण नंतर नाव शोधताना त्रास होतो. त्यासाठी पूर्ण फॉर्म्युल्याला ट्रिम गुंडाळा, =ट्रिम(बी२&" "&सी२&" "&डी२), जादा स्पेस गेल्या. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या यादीत कधीकधी वेगळ्या जातीची स्पेस असते ती ट्रिमने जात नाही, तिचा नंबर १६०, ती आधी बदलून घ्यायची (कॅर म्हणजे इंग्रजीत सी, एच, ए, आर), =ट्रिम(सब्स्टिट्यूट(बी२,कॅर(१६०)," ")).

सगळं झाल्यावर ओळखपत्रवाल्याला यादी द्यायची असेल तर नवा कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, तेही वेगळ्या शीटवर. फॉर्म्युले तसेच ठेवून मूळ कॉलम डिलीट केले तर सगळीकडे रेफ असा एरर येईल आणि नावं जातील.

प्रश्न : मॅडम, कंट्रोल ई दाबलं की नावं आपोआप जोडली जातात असं कळलं. मग फॉर्म्युला कशाला पाहिजे?
— एक लिपिक, नांदेड

उत्तर : त्याला फ्लॅश फिल म्हणतात, एक्सेल २०१३ पासून आहे. पहिल्या ओळीत हवं तसं नाव हाताने लिहायचं, खालच्या सेलवर येऊन कंट्रोल ई, तो नमुना ओळखून बाकीचं भरतो. एकदाच करायचं काम असेल तर मस्त आहे, जरूर वापरा. पण तो अंदाज बांधतो. रिकाम्या सेलवाल्या ओळी आल्या की अंदाज चुकू शकतो आणि तो सांगत नाही की चुकलो म्हणून. दुसरं म्हणजे उद्या सी कॉलममधलं स्पेलिंग सुधारलंत तरी फ्लॅश फिलने भरलेलं जुनंच राहणार. रोज बदलणाऱ्या यादीला फॉर्म्युला, एकदाच्या कामाला कंट्रोल ई, आणि केल्यावर सगळ्या ओळी नजरेखालून घाला.

प्रश्न : ताई, मी आमच्या सोसायटीचा सचिव. सभासदांचे पत्ते इमारत, फ्लॅट, रस्ता, एरिया, पिनकोड अशा कॉलमांत आहेत, काहींचे मधले सेल रिकामे आहेत. जोडल्यावर मधेच दोन दोन स्वल्पविराम येतात. मुलाने घरी टेक्स्टजॉइन वापरून छान करून दिलं पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि एकदा काहीतरी बदलायला गेलो तर सगळीकडे नेम असा एरर. दुसरं म्हणजे इमारत नंबर आणि फ्लॅट नंबर जोडून मेंटेनन्सचा कोड केलाय, त्यात एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर पडली.
— एक सचिव, ठाणे

उत्तर : काका, तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तिसरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून तिथून सुरू करते.

इमारत १ मधला फ्लॅट १२, जोडला की ११२. इमारत ११ मधला फ्लॅट २, जोडला की तोही ११२. दोन घरांचा कोड एकच झाला, मग पावती कुठेही पडणार. आकडे नुसते एकमेकांना चिकटवून कोड कधीच करू नका, मधे काहीतरी दुभाजक पाहिजे. आता लगेच मनात येतं की डॅश टाकू, १-१२ आणि ११-२. फॉर्म्युल्यात ते बरोबर दिसतं, पण हीच यादी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाइल) करून परत एक्सेलमध्ये उघडली किंवा कुणी कोड हाताने टाईप केला की १-१२ ची १ डिसेंबर होते आणि ११-२ ची ११ फेब्रुवारी. स्लॅश टाकलात तरी तेच. म्हणून पुढे एखादं अक्षर लावा, ="इ"&ए२&"-"&बी२, म्हणजे इ१-१२ आणि इ११-२, याची तारीख कुणी करू शकत नाही. ज्या पावत्या आधीच चुकीच्या घरावर पडल्यात त्या मात्र इमारत आणि फ्लॅटचे मूळ कॉलम बघून एकेक तपासाव्या लागतील, ते मूळ कॉलम तुम्ही ठेवलेत हे फार चांगलं केलंत.

आता टेक्स्टजॉइन. हे फंक्शन एक्सेल २०१९ पासून आणि सबस्क्रिप्शनवाल्या ऑफिसमध्ये आहे, त्याच्या आधीच्या एक्सेलला ते माहीतच नाही. जुन्या एक्सेलमध्ये फाइल नुसती उघडली की आधी काढून ठेवलेलं उत्तर दिसत राहतं, पण सेलला हात लावला, परत हिशोब झाला, की नेम एरर. तुमचं नेमकं तेच झालंय. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये, पतसंस्थांमध्ये अजून २००७ किंवा २०१० चं एक्सेल चालू आहे, त्यामुळे दुसऱ्याला फाइल द्यायची असेल तर आधी त्याच्याकडे कुठलं आहे ते विचारायचं. नवीन घ्यायला पैसे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात २०१६ पासून टेक्स्टजॉइन चालतं, आणि गूगल शीट्समध्येही चालतं.

जिथे चालतं तिथे फॉर्म्युला असा :

=टेक्स्टजॉइन(", ",ट्रू,ए२:ई२)

पहिला भाग म्हणजे मधे काय टाकायचं, स्वल्पविराम आणि स्पेस. दुसरा ट्रू म्हणजे रिकामे सेल सोडून दे. तिसरा म्हणजे कुठून कुठपर्यंत. मधले सेल रिकामे असले तरी दोन स्वल्पविराम येणार नाहीत, पण रिकाम्या दिसणाऱ्या सेलमध्ये कुणी स्पेसबार मारून ठेवला असेल तर तो रिकामा धरला जात नाही आणि स्वल्पविराम येतोच, तेव्हा तो सेल डिलीट दाबून खरंच रिकामा करा.

जुन्या एक्सेलसाठी लांबचा रस्ता आहे, प्रत्येक तुकड्याला विचारायचं की तू रिकामा आहेस का :

=ए२&इफ(बी२="","",", "&बी२)&इफ(सी२="","",", "&सी२)&इफ(डी२="","",", "&डी२)&इफ(ई२="",""," - "&ई२)

लांबलचक आहे पण कुठल्याही एक्सेलमध्ये चालतो, आणि पिनकोडच्या आधी स्वल्पविरामाऐवजी डॅश टाकता आला, पत्रावर आपण तसाच लिहितो. कॉन्कॅटनेट नावाचं जुनं फंक्शनही आहे, ते अँडच्या चिन्हाचंच काम करतं, त्यात एक्सेलमध्ये ए२:ई२ अशी रेंज देऊन जोडता येत नाही, एकेक सेल लिहावा लागतो. गूगल शीट्समध्ये त्याच नावाचं फंक्शन रेंज घेतं. नवीन एक्सेलमधलं कॉन्कॅट रेंज घेतं पण गूगलमधलं कॉन्कॅट फक्त दोनच गोष्टी जोडतं. या गोंधळात पडण्यापेक्षा अँडचं चिन्ह आणि टेक्स्टजॉइन, एवढंच पक्कं करा, दोन्हीकडे सारखं चालतं.

पाकिटावर पत्ता ओळीखाली ओळ पाहिजे असेल तर स्वल्पविरामाच्या जागी कॅर(१०) टाका आणि सेलला रॅप टेक्स्ट करा, रॅप टेक्स्ट केलं नाही तर सगळं एकाच ओळीत दिसतं आणि लोकांना वाटतं फॉर्म्युला चालला नाही.

प्रश्न : बोनाफाइडचं पूर्ण वाक्य एका सेलमध्ये करतोय, "हा विद्यार्थी... जन्मतारीख..." असं. पण जन्मतारखेच्या जागी ४२२३१ असा आकडा येतोय. हजेरी क्रमांक ००७ चा नुसता ७ होतो. आणि सरलच्या (शासनाच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलच्या) आयडीचे शेवटचे आकडे सगळ्यांचे शून्य झालेत. कॉम्प्युटर बिघडलाय का?
— एक मुख्याध्यापक, धुळे जिल्हा

उत्तर : नाही सर, कॉम्प्युटर ठणठणीत आहे. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे आतून एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढे मोजत गेलेला. ४२२३१ म्हणजे १५ ऑगस्ट २०१५. सेलमध्ये ती तारखेसारखी दिसते कारण वर फॉरमॅटचा मुखवटा असतो, अँडचं चिन्ह मात्र मुखवटा बघत नाही, आतला आकडा उचलतं. म्हणून जोडताना त्याला सांगायचं की मला ती कशी दिसायला हवीय, त्यासाठी टेक्स्ट फंक्शन, समजा सीमध्ये नाव आणि ईमध्ये जन्मतारीख आहे :

="हा विद्यार्थी "&सी२&" याची जन्मतारीख "&टेक्स्ट(ई२,"डीडी-एमएम-वायवायवायवाय")&" आहे."

अवतरणातली अक्षरं इथे मात्र इंग्रजीत, दोन डी, डॅश, दोन एम, डॅश, चार वाय. हजेरी क्रमांकाचंही तसंच, =टेक्स्ट(ए२,"०००") केलं की ७ चा ००७. फीची रक्कम असेल तर तिचे स्वल्पविरामही जोडताना गळतात, १,२५,००० चं १२५००० होतं, तिथे फॉरमॅटमध्ये "#,##०" द्या. विंडोजचं रीजन इंडिया असेल तर लाखाच्या जागी स्वल्पविराम बरोबर पडतो, नसेल तर १२५,००० असा परदेशी पद्धतीने पडतो, तेव्हा कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन तपासा. इथेही आकडे इंग्रजीत टाकायचे हे लक्षात असू द्या.

सरल आयडीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. एक्सेल कुठलाही आकडा १५ अंकांपर्यंतच जसाच्या तसा ठेवतं, पुढचे अंक शून्य करून टाकतं. सरल आयडी १९ अंकी असतो, म्हणजे शेवटचे चार अंक गेले, आणि एका मुलाला दुसऱ्यापासून वेगळं करणारे अंक तेच असतात. आधार १२ अंकी आहे, शाळेचा यू-डायस कोड ११ अंकी, म्हणून त्यांना काही होत नाही आणि हा प्रकार लवकर लक्षातही येत नाही. गेलेले अंक कुठल्याही फॉर्म्युल्याने परत येत नाहीत सर. पोर्टलवरून यादी पुन्हा डाउनलोड करा आणि ती सीएसव्ही असेल तर डबल क्लिक करून उघडू नका, कारण उघडतानाच अंक जातात आणि सेव्ह केलंत की कायमचे गेले. रिकामी एक्सेल शीट उघडून डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही घ्या आणि त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट निवडा. हाताने टाकायचे असतील तर आधी कॉलम टेक्स्ट करा मग टाका, किंवा आकड्याच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी टाका. एकदा ते टेक्स्ट म्हणून बसले की जोडताना काही त्रास नाही.

आणखी एक, कारण तुम्ही नंतर दुबार नावं शोधायला जाल. आयडी टेक्स्ट असले तरी काउंटइफ (एखादी गोष्ट किती वेळा आली ते मोजणारं फंक्शन) त्यांना आकडा समजून पहिले १५ अंकच बघतं आणि अख्खा वर्ग दुबार दाखवतं. तिथेही जोडणीच कामी येते, आयडी एफ कॉलममध्ये असतील तर =काउंटइफ(एफ:एफ,एफ२&"*") असं शेवटी तारका जोडून लिहा, मग तो त्याला मजकूर म्हणून पूर्ण बघतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांची नावं आद्याक्षरांसकट हवीत, म्हणजे "वि. प्र. कुऱ्हाडे" अशी. लेफ्ट फंक्शन वापरलं तर विलासचं "व." येतं आणि प्रकाशचं "प.". शिवाय जुनी यादी कृतिदेव फॉन्टमध्ये आहे, तिच्याबरोबर मेल आयडी जोडला की एक काहीतरी वाचता येतं, दुसरं नाही.
— एक ग्रंथपाल, कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला कारण हा अस्सल आपला प्रश्न आहे, इंग्रजीत शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये याचं उत्तर मिळत नाही.

आपल्या डोळ्यांना "वि" हे एक अक्षर आहे. कॉम्प्युटरला ती दोन चिन्हं आहेत, व आणि वेलांटी. "प्र" तर तीन, प, पाय मोडायची खूण आणि र. लेफ्ट फंक्शनला एक चिन्ह मागितलं की तो व देतो, वेलांटी मागेच राहते. दोन मागितली तर विलासचं "वि" बरोबर येतं पण वसंतचं "वस" होतं. म्हणजे ठरावीक संख्येने काम होणारच नाही. गूगल शीट्समध्ये मात्र नमुना देऊन काढता येतं, पूर्ण नमुना मराठीतच टाईप करायचा :

=रेजेक्सएक्स्ट्रॅक्ट(सी२,"^(?:[क-ह]्)*[अ-ह][ा-ौ]?")

पहिल्या कंसाचा अर्थ, पाय मोडलेली व्यंजनं असतील तितकी घे. मग एक पूर्ण अक्षर घे. मग काना, मात्रा, वेलांटी, उकार असेल तर तोही घे. विलास दिला की "वि", प्रकाशचं "प्र", कृष्णाचं "कृ", ज्ञानेश्वरचं "ज्ञा". पाय मोडायची खूण आणि मात्रा एकट्या टाईप केल्या की त्यांच्याबरोबर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, ते दिसू द्या, त्याने काही बिघडत नाही. मग टिंब आणि आडनाव जोडा, =जी२&". "&एच२&". "&बी२ असं, जिथे जी आणि एच हे आद्याक्षरांचे दोन कॉलम. तरी एकदा यादी वाचाच, कारण श्रीकांतचं आद्याक्षर "श्री." येतं आणि पुढे वाचणाऱ्याला ते श्रीयुत वाटतं, आणि गंगाधरवरचा अनुस्वार या नमुन्यात येत नाही, "ग." येतं, तुम्हाला "गं." पाहिजे असेल तर हाताने करा. जुन्या एक्सेलवर असाल तर आद्याक्षरांचा वेगळा कॉलम करून हातानेच भरा, सभासद काही रोज शेकड्यांनी वाढत नाहीत आणि एकदा भरलं की कायमचं झालं.

आता फॉन्ट. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांच्यात पडद्यावर मराठी दिसतं पण सेलमध्ये खरोखर असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉर्म्युल्याने जोडलेल्या सेलला एकच फॉन्ट लागतो, अर्धा सेल कृतिदेव आणि अर्धा साधा असं होत नाही. म्हणून कृतिदेव ठेवलात की मेल आयडी मराठीसारखा गिचमिड दिसतो, साधा फॉन्ट दिलात की नाव गिचमिड. (याच कारणाने जोडलेल्या वाक्यात फक्त नाव ठळक करणंही फॉर्म्युल्याने जमत नाही, एक शब्द ठळक करायचा तर आधी व्हॅल्यूज पेस्ट करावं लागतं.) उपाय एकच, नावं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सेलमध्येही खरोखर मराठी अक्षरं असतात त्या पद्धतीत, बदलून घ्या. कृतिदेव ते युनिकोड बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. एकेक कॉलम घेऊन बदला, जोडायच्या आधी बदला, आणि रफार आणि ऱ्ह, ऱ्य असलेली नावं डोळ्यांनी तपासा, कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशा आडनावांत कन्व्हर्टर हमखास अडखळतात. ऱ्ह तर दोन वेगळ्या कीबोर्डवर दोन वेगळ्या पद्धतीने टाईप होतो, दिसायला एकच पण आतली चिन्हं वेगळी, तेव्हा वाचनालयात टाईप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवून घेतलेला बरा. जुनी फाइल मात्र टाकू नका, शंका आली की मूळ बघायला लागते.

प्रश्न : आम्ही बचत गटाचा हिशोब मोबाइलवर गूगल शीटमध्ये ठेवतो. ज्यांचा हप्ता राहिलाय त्यांची नावं एकाखाली एक एका सेलमध्ये पाहिजेत म्हणजे कॉपी करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता येतील. दर महिन्याला मी हाताने लिहिते.
— एका गटाच्या सचिव, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, हाताने लिहायची गरज नाही. समजा बीमध्ये नावं आणि सीमध्ये "भरला" किंवा "बाकी" असं लिहिता, तर एका रिकाम्या सेलमध्ये :

=टेक्स्टजॉइन(कॅर(१०),ट्रू,फिल्टर(बी२:बी४०,सी२:सी४०="बाकी"))

फिल्टर बाकीवाल्या निवडतो, टेक्स्टजॉइन त्यांना एकाखाली एक लावतो. सी कॉलममध्ये बाकीचं भरला केलं की नाव आपोआप यादीतून जातं. कुणाचीच बाकी नसेल तर एनए असा एरर दिसेल, तो टाळायला सगळ्याला इफएरर गुंडाळा आणि शेवटी ,"सगळ्यांचा हप्ता जमा") लिहा. "बाकी" शब्द सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलेला हवा, मागे स्पेस पडली तरी ते नाव यादीत येणार नाही, म्हणून कॉम्प्युटर मिळेल तेव्हा त्या कॉलमला ड्रॉपडाउन लावून घ्या. मोबाइलवर कॉपी करताना सेलवर एकदाच टच करून कॉपी करा, आत शिरून कॉपी केलंत तर फॉर्म्युला येईल. आणि एक विनंती, यादी ग्रुपवर टाकायच्या आधी गटाच्या बैठकीत सगळ्यांना विचारून घ्या, बाकी असलेल्या बाईला चारचौघींत नाव आलेलं आवडत नाही. तिला वेगळा निरोप पाठवायचा असेल तर तेही जोडूनच होतं, समजा डीमध्ये हप्त्याची रक्कम आणि ईमध्ये भरायची शेवटची तारीख आहे, तर =बी२&" ताई, या महिन्याचा हप्ता रु. "&डी२&" बाकी आहे, "&टेक्स्ट(ई२,"डीडी-एमएम")&" पर्यंत भरावा ही विनंती." असं प्रत्येकीच्या ओळीत तयार करून ठेवा आणि ज्यांना पाठवायचं त्यांना एकेकीला पाठवा.

प्रश्न : वर्षभराचे शेरे जोडायला गेलो तर टेक्स्टजॉइन व्हॅल्यू एरर देतंय. तुकडे सगळे बरोबर आहेत.
— एक वाचक, पणजी

उत्तर : एक्सेलच्या एका सेलमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ चिन्हं मावतात, त्याच्या पुढे गेलं की हा एरर येतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जात असल्याने आपल्याला वाटतं त्याच्या आधीच मर्यादा गाठली जाते. महिन्याप्रमाणे बारा सेल करा. इतका मजकूर एका सेलमध्ये वाचणारही कोणी नाही, छापायचाच असेल तर जोडू नका, वर्डमध्ये मेल मर्ज करा, शीटमधले कॉलम तिथे वेगवेगळे राहूनच जागेवर जाऊन बसतात.